साठीनंतरचा नेमबाज

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरांतून थट्टेने उच्चारली जाते. परंतु सेवापुस्तिकेत ज्यांची जन्मतारीख कायमची नोंदली गेली आहे, त्या आम्हां सरकारी नोकरांना तिच्यात थट्टेपेक्षा धास्तीच अधिक जाणवते. केंद्र सरकारच्या बहुतेक नोकरांना साठाव्या वर्षी कचेरीचा निरोप घ्यावा लागतो. स्वीडनचे नेमबाज ऑस्कर स्वान ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरले, तेच मुळी साठी उलटल्यावर!

स्वान यांचा जन्म २० ऑक्टोबर १८४७ चा. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमधील रायफल नेमबाजी बिस्ले येथे झाली. स्वान यांचा प्रकार ‘धावत्या हरणा’चा होता. सुमारे १०० मीटर अंतरावरून हरणाच्या आकृतीचे लक्ष्य अवघ्या चार सेकंदांत समोरून सरकत जाई. लक्ष्य दिसते तेथे नव्हे, तर गोळी पोहोचेल तेव्हा ते जेथे असेल तेथे नेम धरावा लागे. एकेरी बाराच्या स्पर्धेत स्वान यांनी ४० पैकी २५ गुण मिळवून सुवर्णपदक पटकावले. विजेत्यालाही २५ च गुण मिळावेत, यावरून त्या कामाची कठिणता ध्यानात यावी. ब्रिटनचे टेड रँकन २४ गुणांवर राहिले. सांघिक सामन्यातही स्वीडनने ब्रिटनवर ८६ विरुद्ध ८५ अशी मात केली.

अर्थात, कौतुकाला थोडा आवर घालणे प्राप्त आहे. त्या सांघिक सामन्यात संघ दोनच होते. तथापि पुढील वृत्तान्त पाहता हे यश योगायोगाचे म्हणता येत नाही. १९१२ साली स्टॉकहोममध्ये एकेरी बाराचे वैयक्तिक सुवर्णपदक त्यांचे पुत्र आल्फ्रेड यांनी मिळविले. पित्याला त्यात पदक लाभले नाही; परंतु पितापुत्रांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. स्वान तेव्हा ६४ वर्षांचे होते. महायुद्धामुळे १९१६ चे ऑलिंपिक रद्द झाले. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी संघासह रौप्यपदक मिळविले. क्रीडास्पर्धांत इतक्या वयाचा दुसरा पदकविजेता ऑलिंपिकच्या इतिहासात नाही.

१९२४ साली संघात निवड होऊनही आजारामुळे त्यांना माघार घ्यावी लागली. १९२७ मध्ये ते निवर्तले. वय कोणालाच सोडीत नाही, त्यांनाही सोडले नाही. परंतु त्यांना थांबविले ते आजाराने, जन्मतारखेने नव्हे. निवृत्तीची तारीख मोजीत बसणाऱ्या आम्हांला एवढा भेद कळला, तरी पुष्कळ झाले.