नाइटिंगेल यांच्या निळ्या पाकळ्या

क्रिमियाच्या युद्धात उतरलेल्या ब्रिटिश सैन्यातले ८३ जण जानेवारी १८५५ मध्ये जखमांनी दगावले. त्याच महिन्यात कॉलरा, हगवण, ज्वर अशा रोगांनी २,७६१ जणांचा बळी घेतला. हे आकडे सरकारी तक्त्यांत होतेच. पण तक्ते वाचतो कोण?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ते वाचायला लावले. रात्री दिवा घेऊन रुग्णांमध्ये फिरणारी परिचारिका म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांचे मोठे काम युद्ध संपल्यावर, कागदावर झाले. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने त्यांनी मृत्यूंची कारणे महिनावार लावली आणि १८५८ साली एक चित्र छापले.

वर्तुळात बारा पाकळ्या, दर महिन्याला एक. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ या वर्षाचे एक वर्तुळ आणि शेजारी पुढच्या वर्षाचे दुसरे. दोन्हींच्या सीमेवर, मार्च १८५५ मध्ये, ब्रिटिश सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाची माणसे तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचली. गटारे साफ झाली, कोंदट दालनांत हवा खेळू लागली. दुसऱ्या वर्तुळात निळा रंग आक्रसत जातो.

आकडे चित्रात मांडण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये आयात-निर्यातीचे आलेख छापले होते आणि १८०१ मध्ये वर्तुळालेखही. नाइटिंगेल यांनी या साधनाला सरकारी धोरण बदलण्याच्या कामाला जुंपले.

त्यासाठी मोजमाप चोख हवे होते. त्यांच्या आधीच्या एका आकृतीत मृत्यूंचे प्रमाण केंद्रापासूनच्या अंतराने दाखवले होते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्रफळ चौपट होते, आणि डोळ्यांत भरतो तो रंगाचा पसारा. ही चूक उमगल्यावर नव्या चित्रात त्यांनी क्षेत्रफळच संख्येच्या प्रमाणात ठेवले आणि ते कसे मोजले, हे चित्रासोबत छापले.

तरी एक उणीव राहिली. क्षेत्रफळाचा अंदाज घेण्यात डोळा कच्चा असतो. जानेवारी १८५५ ची निळी पाकळी तांबडीच्या तेहतीसपट मोठी, पण लांबीने सहापटही नाही. साध्या स्तंभालेखात ही तफावत अधिक ठसठशीत दिसली असती.

भारताबाबतही नाइटिंगेल यांनी आकड्यांचाच आधार घेतला. इथल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्याविषयी नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला. फौजेतला मृत्युदर होता हजारी ६९. त्या स्वतः भारतात कधीच आल्या नाहीत. लष्करी ठाण्यांकडून भरून आलेल्या प्रश्नावल्या त्यांनी तपासल्या आणि आपली निरीक्षणे चित्रांसह मांडली. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांनी पत्रव्यवहार केला.

आज निवडणूक, अर्थसंकल्प किंवा साथ आली की वर्तमानपत्रांत रंगीत इन्फोग्राफिक झळकतात. वाचकाने रंगांवर भाळण्याआधी पाहावे: काय मोजले आहे, तुलना कशाशी आहे, आकार आकड्याच्या प्रमाणात आहे का, आकडे कुठून आले. चित्र करणाऱ्यांनीही ही उत्तरे चित्रालगतच द्यावीत.