स्टुडिओत हरलेले, सभागृहात जिंकलेले गाणे : ‘किस’चे ‘रॉक अँड रोल ऑल नाइट’

‘किस’ हा न्यूयॉर्कचा हार्ड रॉक बँड. चेहरे काळ्या-पांढऱ्या रंगाने रंगवून, तोंडातून ज्वाळा फेकत आणि रंगमंचावर धुराचे लोट उठवीत कार्यक्रम करणारा बँड म्हणून तो जगभर ओळखला गेला. ‘रॉक अँड रोल ऑल नाइट’ हे त्याचे सर्वाधिक प्रसिद्ध गाणे होय. मात्र लोकांच्या स्मरणात राहिले ते स्टुडिओत मुद्रित झालेले मूळ गाणे नव्हे, तर काही महिन्यांनी आलेले त्याचे लाइव्ह रूप. गाणे तेच, गायक-वादकही तेच. परंतु पहिले रूप अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ क्रमवारीत ६८ व्या स्थानी अडले आणि दुसरे १२ व्या स्थानापर्यंत पोहोचले. या दोन आकड्यांमधील अंतरात बँडच्या इतिहासाचे मर्म सामावले आहे.

आरंभीची वर्षे

पॉल स्टॅन्ली आणि जीन सिमन्स हे आधी ‘विकेड लेस्टर’ या बँडमध्ये एकत्र होते. तो मोडल्यावर त्यांनी ड्रमवादक पीटर क्रिस आणि गिटारवादक एस फ्रेली यांना सोबत घेतले. ३० जानेवारी १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका क्लबात ‘किस’चा पहिला कार्यक्रम झाला, श्रोते बोटांवर मोजण्याइतके होते. पुढे प्रत्येकाने आपापले पात्र निश्चित केले. स्टॅन्ली ताऱ्यांचा पुत्र झाला, सिमन्स दैत्य, फ्रेली अंतराळवासी आणि क्रिस मांजर.

नील बोगार्ट यांच्या ‘कॅसाब्लांका रेकॉर्ड्स’ या नव्या कंपनीने बँडशी करार केला. फेब्रुवारी १९७४ मध्ये आलेला पहिला अल्बम क्रमवारीत ८७ व्या स्थानापुढे गेला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील ‘हॉटर दॅन हेल’ तर जेमतेम १०० व्या स्थानी पोहोचला. कार्यक्रमांचे चित्र याच्या अगदी उलट होते. एकदा पाहून गेलेला प्रेक्षक पुन्हा येई, येताना मित्रांना घेऊन येई. तबकडी मात्र विकली जात नसे. रंगमंचावरचा दणका तबकडीत उतरत नाही, ही बँडची खरी अडचण होती. दौऱ्यांचा खर्च वाढत चालला होता आणि तो भागवण्यासाठी व्यवस्थापक बिल ऑकॉइन यांनी स्वतःचे क्रेडिट कार्ड वापरल्याचे सांगितले जाते. कंपनीही आर्थिक विवंचनेत होती.

गाण्याचा जन्म

सर्वांना एका सुरात गाता येईल असे, बँडची ओळख ठरणारे एखादे गाणे हवे, असा आग्रह बोगार्ट यांनी धरला. स्टॅन्लीने ध्रुवपद रचले आणि सिमन्सने आपल्या एका जुन्या, अपुऱ्या गाण्यातील कडवी त्याला जोडली. मुद्रणाच्या वेळी समूहाचा भास व्हावा म्हणून बँडच्या सहकाऱ्यांना आणि मित्रमंडळींनाही ध्रुवपद गायला उभे केले होते. मार्च १९७५ मधील ‘ड्रेस्ड टू किल’ या अल्बममध्ये हे गाणे आले आणि एप्रिलमध्ये स्वतंत्रपणेही प्रसिद्ध झाले. तरीही ते फार चालले नाही. गर्दीसाठी लिहिलेल्या या गाण्यात प्रत्यक्ष गर्दीच नव्हती.

‘अलाइव्ह!’

अखेर कार्यक्रमच ध्वनिमुद्रित करण्याचे ठरले. जिमी हेंड्रिक्सचे ध्वनिमुद्रण करणारे एडी क्रेमर यांच्याकडे हे काम सोपवण्यात आले. मे ते जुलै १९७५ या काळात डेट्रॉइटच्या कोबो सभागृहासह क्लीव्हलंड, डेव्हनपोर्ट आणि वाइल्डवुड येथील कार्यक्रम मुद्रित झाले. त्यांतून सिद्ध झालेला ‘अलाइव्ह!’ हा दोन तबकड्यांचा अल्बम १० सप्टेंबर १९७५ रोजी प्रसिद्ध झाला आणि क्रमवारीत नवव्या स्थानी पोहोचला. त्यातील ‘रॉक अँड रोल ऑल नाइट’मध्ये मूळ गाण्यात नसलेला गिटारचा एकल तुकडा होता, आणि मुख्य म्हणजे ध्रुवपद उचलून धरणारे श्रोते होते. या यशाने बँड सावरला आणि कंपनीही.

तथापि या यशाला एक दुसरी बाजू आहे. उंच टाचांचे बूट घालून उड्या मारताना सूर निसटत, तारा चुकत. हे दोष काढण्यासाठी गायन आणि वादनाचा काही भाग न्यूयॉर्कच्या स्टुडिओत नव्याने मुद्रित करण्यात आला आणि श्रोत्यांचा जल्लोषही वाढवण्यात आला, हे संबंधितांनी पुढे मान्य केले. नेमके किती बदलले, याविषयी त्यांच्या सांगण्यात मेळ नाही. मुखपृष्ठावरील छायाचित्रदेखील चालू कार्यक्रमातले नव्हे. त्यामुळे ‘अलाइव्ह!’ला लाइव्ह म्हणावे का, हा वाद आजही चालतो. वाद्यांपुरता विचार केला तर आक्षेप रास्त आहे. परंतु सभागृहात उभे राहिल्यावर जे अनुभवास येते, ते प्रथमच घरात ऐकू आले, हेही तितकेच खरे. अल्बमच्या मलपृष्ठावर बँड नाहीच. तेथे कोबो सभागृहातील गर्दी आहे आणि अग्रभागी हाताने रंगवलेला फलक धरून उभी असलेली दोन मुले आहेत.

पुढील वाटचाल

१९७६ मध्ये बॉब एझ्रिन यांनी निर्मिलेला ‘डिस्ट्रॉयर’ आला आणि त्यातील क्रिसने गायिलेले ‘बेथ’ सातव्या स्थानी गेले. १९८० मध्ये क्रिस आणि १९८२ मध्ये फ्रेली बाहेर पडले. सप्टेंबर १९८३ मध्ये बँड प्रथमच रंगाविना लोकांसमोर आला. क्रिसच्या जागी आलेला एरिक कार १९९१ मध्ये कर्करोगाने निवर्तला. १९९६ मध्ये मूळ चौघे रंग लावून पुन्हा एकत्र आले, पण ही एकी टिकली नाही. त्यानंतर टॉमी थेअर आणि एरिक सिंगर हे फ्रेली व क्रिस यांच्याच पात्रांचा रंग लावून वाजवू लागले. अनेक जुन्या चाहत्यांना ते रुचले नाही. २०१४ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये बँडचा समावेश झाला.

२ डिसेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. त्यातील शेवटचे गाणे ‘रॉक अँड रोल ऑल नाइट’ हेच होते. ते संपताच पडद्यावर चौघांच्या संगणकनिर्मित प्रतिमा अवतरल्या आणि यापुढे कार्यक्रम त्या करतील, असे जाहीर झाले. मूळ गिटारवादक एस फ्रेली यांचे ऑक्टोबर २०२५ मध्ये निधन झाले. १९७५ मध्ये वाद्ये स्टुडिओत दुरुस्त झाली होती. आता वादकच संगणकात घडवले जात आहेत. ध्रुवपद उचलून धरायला मात्र आजही समोर माणसेच लागतील.