अभंगाची साक्ष

परभणी जिल्ह्याच्या इतिहासाची साधने कोणती, असे कोणी विचारले तर बोट प्रथम शिलालेखांकडे, ताम्रपटांकडे आणि निजामी दप्तरांकडे जाते. त्या यादीत गोदाकाठच्या गंगाखेडची जी जनाबाई, तिचे अभंग घालावेत की नाहीत, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

नकार देणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. जनाबाई तेराव्या-चौदाव्या शतकातली. तिच्या नावावरचे अभंग आपल्या हाती आले ते फार पुढच्या वह्यांतून. मधल्या काळात ते गळ्यातून गळ्यात गेले, आणि नाममुद्रा काय, कोणासही घालता येते.

याउलट पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख पाहा. १२७३ ते १२७७ या वर्षांत विठ्ठलमंदिरास कोणी काय दिले, हे त्यात कोरलेले आहे. त्यात यादवराजा रामचंद्र आहे, हेमाद्रि पंडितही आहे. तारखेच्या बाबतीत या दगडाशी अभंगाची बरोबरी होणार नाही. परंतु दगडावर नाव येण्यास दान द्यावे लागते! परक्या घरी दळणकांडण करणारी दासी त्या यादीत यावी कशी?

चीनमधील पंडितांनी हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे. ७५५ साली आन लू-शानच्या बंडाने देश होरपळला, तेव्हाची लोकांची वाताहत तू फू या कवीने मांडली. पुढील पिढ्यांनी त्याच्या काव्यास इतिहासाचा मान दिला. विसाव्या शतकात छन यिन-ख यांनी तांगकालीन कवितेवरून त्या काळचा समाज उलगडून दाखविला. मात्र कविता आणि इतिहासग्रंथ एकमेकांशी ताडून पाहूनच.

आम्हांसही तीच वाट सरळ दिसते. अभंगाला साल विचारू नये, संसार विचारावा. विठ्ठल जनाबाईबरोबर दळू लागला, ही घटना म्हणून सिद्ध होणार नाही; पण जात्याच्या दुसऱ्या बाजूस बसायला माणूस नव्हते, हे त्यातून कळते. आणि काही अभंग मागाहून कोणी रचले असतील, तर आपले दुःख एका दासीच्या नावाने सांगावेसे त्यांना वाटले, हीदेखील इतिहासाचीच नोंद होय.

तेव्हा यादीत शिलालेख असावा आणि अभंगही असावा. एकाने राजाचे दान सांगावे, दुसऱ्याने दासीचे कष्ट. दोन्ही ऐकल्याखेरीज त्या काळाचा निवाडा करू नये.