जुन्या मालमोटारीला बांधलेले इंजिन बसविताना

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळे शहरात एकमेकांना छेदतात. रावेर-यावलची केळी आणि खानदेशचा कापूस वाहणाऱ्या मालमोटारींत एकाच गाडीवर संसार चालविणाऱ्या मालकांची संख्या आजही मोठी आहे. अशा मालकाचे इंजिन ऐन हंगामात बसले, की नवे इंजिन परवडत नाही आणि गाडी उभी ठेवणे तर त्याहूनही परवडत नाही. उरतो तो मार्ग बांधलेल्या इंजिनाचा.

येथे विचार केला आहे तो यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांचा. टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांचा सहकार्य करार १९५४ ते १९६९ असा चालला. त्याच घराण्यातले टाटा ६९७ हे सहा सिलिंडरचे, ५,६७५ घनसेंटिमीटरचे इंजिन मिस्त्रींच्या हाताखालून असंख्य वेळा गेले आहे. त्याचे सुटे भाग मिळतात, ही त्याची मोठी सोय.

स्वस्त इंजिन घेताना रंगावर जाऊ नये. ताजा रंग गळती आणि तडे दोन्ही झाकतो. बोअर कितव्या मापाचा आहे आणि क्रँक किती वेळा घासला आहे, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. पिस्टन शेवटच्या मापापर्यंत पोहोचलेले असतील, तर पुढच्या खेपेला स्लीव्ह टाकण्याचा खर्च आताच हिशेबात धरावा. ब्लॉकवरील क्रमांक स्पष्ट असावा आणि खरेदीची पावती त्याच क्रमांकाची असावी. घासलेला क्रमांक दिसल्यास सौदा तेथेच सोडावा.

इंजिन उतरविण्यापूर्वी जुने का बसले, हे शोधणे अगत्याचे आहे. बहुतेक घाई येथेच होते. मेटल गेले असेल, तर त्याची भुकटी ऑइल कूलरमध्ये आणि नळ्यांत साचलेली असते. ते सर्व धुतले नाही, तर नव्या बेअरिंगला जुन्याचाच रोग लागतो. गरम होऊन बसले असेल, तर रेडिएटर उघडून साफ करून घ्यावा. डिझेलची टाकी धुवावी, फिल्टर नवे घालावेत.

साखळी-कप्पीने इंजिन चढविताना गिअरबॉक्सचा भार क्षणभरही क्लचप्लेटवर लटकू देऊ नये. प्लेट वाकते आणि दोष मात्र इंजिनावर येतो. माउंटिंगचे रबर फुगलेले किंवा फाटलेले असल्यास बदलावे.

पहिली चावी मारण्याआधी डिझेल बंद ठेवून इंजिन स्टार्टरने थांबून थांबून फिरवावे आणि ऑइलचा काटा वर येऊ द्यावा. कोरड्या बेअरिंगवर सुरू केलेले इंजिन पहिल्या मिनिटातच आपले आयुष्य गमावते.

त्यानंतर टायमिंग. सहाव्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलू लागतात, तेव्हा पहिला पिस्टन दाबाच्या फेरीत वर आलेला असतो, क्रम १-५-३-६-२-४. पंपाच्या पहिल्या घरातील डिलिव्हरी व्हॉल्व्ह व स्प्रिंग काढून, हातपंपाने दाब देत क्रँक सावकाश फिरवावा. डिझेलचे ठिबकणे जेथे थांबते, तो फवारणीचा आरंभ. तो पुस्तिकेत दिलेल्या अंशावर, म्हणजे पिस्टन माथ्यावर येण्याआधीच्या खुणेवर, जुळला पाहिजे. कानाने टायमिंग लावणारे उत्तम मिस्त्री खानदेशात आहेत. तरीही खूण पडताळून पाहण्याने त्यांच्या कसबाला उणेपणा येत नाही. टॅपेटचे अंतरही पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. पंप आणि नोझल चाचणीयंत्रावर तपासूनच बसवावेत. ओढ वाढावी म्हणून पंपाचे डिझेल वाढविण्याची सवय घातक आहे. घाटात चार गाड्या मागे पडतात खऱ्या, पण पिस्टन जळतात.

धूर हा बोलका साक्षीदार आहे. काळा धूर डिझेल जास्त किंवा हवा कमी असल्याचा, निळा ऑइल जळत असल्याचा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकला, तर टायमिंग मागे पडले आहे किंवा हेडमधून पाणी उतरते आहे. भारत टप्पा ४ पूर्वीच्या डिझेल वाहनांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके आहे.

जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपुढे जातो, म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत येथे रूढ आहे. ती सोडावी. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला, की पाण्याचा काही भाग रेडिएटरला टाळून फिरतो आणि ताप उलट वाढतो. हिवाळ्यात इंजिन थंड राहून झिजते, ते वेगळेच. पंख्याचा पट्टा आणि रेडिएटरचे झाकण आधी पाहावे.

पहिले हजार-दीड हजार किलोमीटर माल हलका ठेवावा, मात्र गाडी तासन्‌तास उभ्या उभ्या चालू ठेवू नये. रिंगा बसत नाहीत. नंतर ऑइल बदलून टॅपेट पुन्हा तपासावेत, आणि पुस्तिकेत सांगितले असल्यास हेडचे बोल्टही. मगच भरल्या मालाने लळिंगचा घाट चढवून पाहावा. ब्रीदरमधून वाफेचा जोर दिसल्यास गाडी तेथूनच परत आणावी. हमीची मुदत सहसा थोडी असते.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरबदलाची माहिती चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावी लागते. पावती आणि नोंदणीपुस्तक घेऊन धुळे किंवा जळगावच्या परिवहन कार्यालयात नवा इंजिन क्रमांक चढवून घ्यावा. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेची लेखी संमती आधी मिळवावी. पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. चासी गंजलेली असेल, तर इंजिनावर पैसे घालण्याआधी ते आणि बॉडीचे काम यांची बेरीज मांडून पाहावी. ती गाडीच्या बाजारभावापुढे जात असल्यास गाडी विकलेली बरी.