‘बेशुद्ध’ म्हणजे नेमकं काय?

डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाला आपण बेशुद्ध म्हणतो, उर्दूत बेहोश. पण हाक मारली की डोळे उघडणारा आणि चिमटा काढला तरी न हलणारा, दोघेही बेशुद्धच का? पन्नासेक वर्षांपूर्वी डॉक्टरांचीही हीच अडचण होती. गुंगी, ग्लानी, अर्धवट शुद्ध अशा अर्थाचे अनेक शब्द ते वापरत, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

हा केवळ भाषेचा घोळ नव्हता. कवटीच्या आत रक्त साचू लागलं, तर थोड्या वेळापूर्वी बोलणारा माणूसही दगावू शकतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर तो वाचू शकतो. संध्याकाळच्या नर्सने ‘गुंगीत’ लिहिलं आणि रात्रीच्या नर्सने ‘ग्लानीत’, तर रुग्ण खालावतोय हे कळणार कसं?

१९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये साधा उपाय मांडला. शब्द सोडा, तीन गोष्टी पाहा: डोळे कधी उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो. आज त्यांना अनुक्रमे ४, ५ आणि ६ पर्यंत गुण देतात. बेरीज जास्तीत जास्त १५, कमीत कमी ३. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे इजा गंभीर. यंत्र लागत नाही आणि शिकलेली नर्सही गुण देऊ शकते. हीच ‘ग्लासगो कोमा स्केल’.

माप एक झालं, तसे उपचारही तपासता आले. मेंदूची सूज उतरावी म्हणून कित्येक वर्षं स्टिरॉइड दिली जात. ‘क्रॅश’ नावाच्या चाचणीत अनेक देशांतले १०,००८ रुग्ण घेतले. निवडीची अट याच मापाने ठरली, गुण १४ किंवा कमी. २००४ साली निष्कर्ष आला: स्टिरॉइड दिलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न दिलेल्यांपैकी १८ टक्के. चांगल्या हेतूने दिलेलं औषध जीव घेत होतं आणि एकेकट्या डॉक्टरच्या अनुभवाला ते दिसणं शक्यच नव्हतं.

आपल्याकडेही केस पेपरवर ई, व्ही, एम ही अक्षरं आणि पुढे आकडे दिसतात. आयसीयूबाहेर आपण विचारतो, ‘शुद्धीवर आला का?’ त्याऐवजी विचारावं, ‘आणला तेव्हा तिन्ही आकडे किती होते, आता किती आहेत?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पाळीला एकाच भाषेत मिळतं.