प्येर बुलेझ : रचना, संचालन आणि संस्था

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील कृती दोनदा जन्म घेते, असे म्हणावयास हरकत नाही. रचनाकार ती प्रथम स्वरलिपीत लिहितो. पुढे वाद्यवृंदाच्या वादनातून ती श्रोत्यांपुढे येते. या दोन जन्मांमधील अंतर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अतिशय वाढले. शनबर्ग व त्याचे शिष्य बर्ग आणि वेबर्न यांनी संगीताची भाषाच पालटली; परंतु ती भाषा वाचू शकणारे वादक, तालमींस लागणारा अवधी आणि जाणते श्रोते या तिन्ही गोष्टींची वाण होती. फ्रेंच रचनाकार व वृंदसंचालक प्येर बुलेझ (१९२५–२०१६) याच्या कार्याचा विचार या परिस्थितीच्या संदर्भात केला पाहिजे. रचना व संचालन हे त्याच्या आयुष्याचे दोन स्वतंत्र विभाग मानले, तर त्यांचा परस्परसंबंध दृष्टीआड होतो. वस्तुतः नव्या संगीताला ऐकविणारी व्यवस्था नव्हती म्हणून तो संचालक झाला, आणि पुढे त्याच कारणास्तव संस्थांचा निर्माता झाला.

बुलेझचा जन्म २६ मार्च १९२५ रोजी फ्रान्समधील माँब्रिझाँ या गावी झाला. वडील अभियंता होते व मुलाने तोच व्यवसाय पत्करावा अशी त्यांची इच्छा होती. लिआँ येथे काही काळ गणिताचे अध्ययन केल्यावर १९४३ मध्ये, जर्मन अंमलाखालील पॅरिसमध्ये, तो संगीतासाठी आला. तेथील संगीतविद्यालयात ऑलिव्हिए मेसियाँ याच्याकडे त्याने स्वरसंवादशास्त्राचा अभ्यास केला, तर रने लेबोविट्झ याच्यामुळे त्याचा शनबर्गच्या द्वादशस्वरपद्धतीशी परिचय झाला. सप्तकातील बाराही स्वरांना समान स्थान देऊन त्यांच्या एका ठरावीक मालिकेवर रचना उभारणे, हे या पद्धतीचे सार होय. बुलेझने हे तत्त्व पुढे नेले. ‘स्त्र्युक्त्युर’ या दोन पियानोंसाठी रचलेल्या कृतीच्या पहिल्या भागात (१९५१–५२) स्वरांबरोबरच कालमान, तीव्रता व आघात यांचेही नियमन मालिकेने होते. १९५२ मध्ये, शनबर्गच्या निधनानंतर वर्षाच्या आतच, ‘शनबर्ग मृत झाला आहे’ या आशयाच्या मथळ्याचा लेख लिहून त्याने खळबळ उडविली. शनबर्गने नवी भाषा शोधली, पण ती जुन्याच आकृतिबंधांत कोंडून ठेवली, हा त्यातील मुख्य आक्षेप होता.

अशा बंडखोर तरुणाची उपजीविका मात्र नाट्यगृहात चालली होती. १९४६ पासून सुमारे दहा वर्षे तो झाँ-लुई बारो व मादलेन रनो यांच्या नाटकमंडळीचा संगीतप्रमुख होता. मर्यादित वादकांकडून नियत वेळेत काम करवून घेण्याचे शिक्षण त्याला येथेच मिळाले. याच मंडळीच्या आश्रयाने जानेवारी १९५४ मध्ये त्याने पॅरिसमध्ये नव्या संगीताची मैफलमाला सुरू केली. तीच पुढे ‘दोमेन म्युझिकाल’ या नावाने प्रसिद्धीस आली. तिच्या कार्यक्रमांत प्राचीन संगीत, विसाव्या शतकातील प्रमाणभूत कृती व अगदी नव्या रचना यांची सहेतुक सांगड घातलेली असे. नवे संगीत आकाशातून पडलेले नाही, त्यास परंपरा आहे, हे श्रोत्यांच्या कानांना पटविणे हा त्यामागील उद्देश होता.

त्याची स्वतःची कीर्ती ‘ल मार्तो साँ मेत्र’ (स्वामीविहीन हातोडा) या कृतीने प्रस्थापित झाली. रने शार याच्या कवितांवर आधारलेली, एक गायिका व सहा वादक यांच्यासाठी लिहिलेली ही रचना १८ जून १९५५ रोजी बाडेन-बाडेन येथे हान्स रोसबाउट याच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली. व्हायब्राफोन, झायलोरिंबा, गिटार व सखल स्वराची बासरी यांचा तीतील नादमेळ युरोपीय कानांना सर्वस्वी अपरिचित होता. बालीचा गामेलान, जपानी कोतो व आफ्रिकी वाद्ये यांचे सूचक पडसाद त्यात उमटले आहेत. परंतु असे संगीत नीट वाजविणारे संचालक विरळा होते. स्वतःच्या व समकालीनांच्या कृतींसाठी बुलेझला क्रमाक्रमाने संचालकाच्या जागी उभे राहावे लागले. हातात छडी न घेता, मोजक्या व नेमक्या खुणांनी संचालन करण्याची त्याची पद्धत या गरजेतूनच घडली.

१९५९ मध्ये तो बाडेन-बाडेन येथे वास्तव्यास गेला. १९६३ मध्ये त्याने पॅरिसच्या ऑपेरागृहात बर्गच्या ‘व्होत्सेक’चे संचालन केले. तथापि १९६६ मध्ये सांस्कृतिक खात्याचे मंत्री आंद्रे माल्रो यांनी संगीतविभागाच्या प्रमुखपदी मार्सेल लांडोव्स्की याची नियुक्ती केली, तेव्हा बुलेझने जाहीर निषेध करून फ्रान्सच्या सरकारी संगीतव्यवस्थेशी संबंध तोडले. यानंतर त्याचे कार्यक्षेत्र परदेशी राहिले. लंडनच्या बी. बी. सी. वाद्यवृंदाचे प्रमुख संचालकपद (१९७१–७५) आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीतसंचालकपद (१९७१–७७) त्याने भूषविले. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली सभागृहातील खुर्च्या काढून श्रोत्यांना गालिचांवर बसविण्याचा प्रयोग त्याने केला. १९७६ मध्ये बायरॉइट येथे वाग्नरच्या ‘रिंग’ या नाट्यचतुष्टयाच्या शताब्दी प्रयोगाचे त्याने संचालन केले. पात्रिस शेरो याच्या दिग्दर्शनामुळे प्रथम वादळ उठले. १९८० पर्यंत मात्र तोच प्रयोग नावाजला गेला. ऑपेरागृहे उडवून द्यावीत असे १९६७ मध्ये म्हणणारा हा पुरुष अशा रीतीने ऑपेराच्या गाभाऱ्यातच पोहोचला होता.

१९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू यांच्या निमंत्रणावरून संगीतसंशोधनाची एक संस्था उभारण्याचे कार्य त्याने स्वीकारले. १९७७ मध्ये उघडलेल्या ‘इर्काम’ या संस्थेत रचनाकार, अभियंते व गणकयंत्रतज्ज्ञ एकत्र आले. तत्पूर्वी १९७६ मध्ये ३१ वादकांचा कायमस्वरूपी वृंद ‘आन्साँब्ल अँतेरकोंताँपोरँ’ स्थापन झाला. संशोधन व वादन यांचा संगम ‘रेपाँ’ (१९८१) या कृतीत आढळतो: मध्यभागी २४ वादक, सभोवती श्रोते, त्यांच्याही भोवती सहा एकलवादक, आणि एकलवादकांच्या नादाचे वादन चालू असतानाच रूपांतर करणारे गणकयंत्र.

या पराक्रमाचे मूल्यही चुकवावे लागले. शासकीय द्रव्य एकाच संप्रदायाकडे वाहते, हा आक्षेप इर्कामवर वारंवार घेतला गेला. त्या संप्रदायाबाहेरील रचनाकारांच्या दृष्टीने तो निराधार नव्हता. अधिक मोठी किंमत बुलेझमधील रचनाकाराने दिली. तिसऱ्या पियानो सोनाटाच्या योजिलेल्या पाच भागांपैकी दोनच पूर्णपणे प्रसिद्ध झाले. मालार्मेच्या काव्यावरील ‘प्ली सलाँ प्ली’ची दुरुस्ती १९८९ पर्यंत चालली. १९४५ मध्ये लिहिलेल्या पियानोच्या १२ लघुरचनांपैकी केवळ पाचांचेच वाद्यवृंदासाठी विस्तारित रूप त्याच्या हातून पूर्ण झाले. २०१३ साली त्याच्या समग्र रचनांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले, ते १३ तबकड्यांत मावले. कृती ही सर्पिलाप्रमाणे सतत वाढणारी वस्तू आहे, अशी त्याची भूमिका होती, हे खरे; परंतु सभा, दौरे व तालमी यांनी व्यापलेल्या आयुष्यात वाढीला अवसर कमी उरला, हेही तितकेच खरे.

५ जानेवारी २०१६ रोजी बाडेन-बाडेन येथे त्याचे निधन झाले. ज्या भव्य संगीतगृहाचा त्याने दीर्घकाळ पाठपुरावा केला, ते पॅरिसमध्ये आदल्याच वर्षी उघडले होते. त्याच्या मुख्य सभागृहास पुढे बुलेझचेच नाव देण्यात आले. त्याने लिहिलेल्या कृती संख्येने थोड्या. पण वेबर्नपासून पुढील संगीत आज वादकांना वाजविता येते व श्रोत्यांना ऐकावयास मिळते, त्यात त्याच्या श्रमांचा वाटा मोठा आहे. स्वतःच्या लेखनातून वजा केलेला काळ त्याने इतरांच्या संगीताच्या दुसऱ्या जन्मासाठी वेचला. त्याच्या कार्याचे मोजमाप करताना हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडणेच न्याय्य होईल.