माहुलीचा खंड्या आणि माणदेशी मेंढी

साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती थोरल्या शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, असे सांगतात. इमानाचे स्मारक आपण बांधले. कुत्र्याच्या पोटातल्या जंतांचा माग मात्र परदेशात लागला. मेंढीच्या काळजातल्या पाणगाठी कुत्र्याला चारल्या की त्याच्या आतड्यात तांदळाएवढे पट्टकृमी होतात, हे १८५३ च्या सुमारास सीबोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले. कृमीची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, केसांवर येतात. ती मेंढीच्या पोटात गेली काय नि माणसाच्या, गाठ धरणारच. बहुधा यकृतात किंवा फुप्फुसात. १८६३ मध्ये क्राबे यांनी आइसलंडमधली १०० कुत्री तपासली, २८ मध्ये हा कृमी निघाला. १८९० मध्ये तिथे कुत्र्यांना जंताचे औषध देण्याचा कायदाच झाला.

आइसलंड दूर खरे. पण मेंढी, कुत्रा, माणूस हे त्रिकूट माण, आटपाडी, जतच्या धनगरवाड्यांवरही तेच. पाळीव आणि भटके हा भेद इथे फसवा आहे. गळ्यात पट्टा असलेला कुत्राही मोकळा सुटला की मेंढरू कापतात तिथेच घुटमळतो, आणि गाठ आलेली कलेजी गिऱ्हाईक घेत नाही म्हणून त्याच्यापुढेच पडते.